सिनेमाने सुपरहिरोची पत वाढते की जाते? काउंटरपलीकडून एक उत्तर

इंदिरानगरच्या एका वाचकांनी प्रश्न पाठवलाय. ते स्वतः इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेले, मुलगा अकरावीत. मुलाचं म्हणणं असं की सुपरमॅन बोअर आहे, फँटास्टिक फोर म्हणजे सगळे पडेल लोक, वेताळ (इंग्रजीतला फँटम) म्हणजे 'तो जांभळ्या कपड्यांतला', आणि मोठा हिरो जगात एकच, आयर्न मॅन. वडील विचारतात, सिनेमांनी या मंडळींची पत वाढवली की घालवली? आणि जाता जाता दुसरा प्रश्न: माळ्यावर इंद्रजालचे दोन खोके आहेत, सुपरहिरोंची चलती आहे तोवर काढून टाकू का?

खोक्यांचं शेवटी बोलू. मी नाशिकच्या मेन रोडच्या मागच्या बाजूला पुस्तकं भाड्याने देतो आणि जुनी कॉमिक्स घेतो-विकतो. कोण काय मागतं, परत करताना कोण तोंड वाकडं करतं, कुठला गठ्ठा वर्षानुवर्षं पडून राहतो, एवढंच माझं शिक्षण. त्यावरून बनलेलं मत आधीच सांगून टाकतो. ज्या हिरोचं कॉमिक चालू आहे त्याला वाईट सिनेमा मारू शकत नाही. काही वर्षं त्याचं हसं होतं, मग अंक त्याला पुन्हा उभा करतात, आणि पुढचा चांगला सिनेमा बहुतेक वेळा त्या दुरुस्त झालेल्या हिरोवरच बेतलेला असतो. ज्याचं कॉमिक बंद पडलंय, किंवा निघत असूनही आपल्यापर्यंत पोचत नाही, त्याची सगळी अब्रू मात्र त्या दोन तासांच्या हातात जाते. म्हणून सिनेमा चांगला होता का हे मी नंतर विचारतो. त्या काळात अंक निघत होते का, हे आधी.

पडदा कॉमिकचं नुकसानच करतो, हे जुन्या वाचकांचं गृहीत मला पटत नाही. जून १९३८ च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन आला तेव्हा त्याला उडता येत नव्हतं. फर्लांगभर लांब उडी मारायचा, बस. १९४१ मध्ये फ्लायशर बंधूंनी त्याची कार्टून काढली, तेव्हा टुणटुण उड्या मारणारा बलदंड माणूस पडद्यावर विचित्र दिसायला लागला, म्हणून त्याला सरळ हवेत सोडला. त्याला लोळवणारा क्रिप्टोनाइट दगड १९४३ मध्ये रेडिओच्या मालिकेत आला आणि छापील कॉमिकात उतरायला १९४९ उजाडलं. सुपरमॅनचा तरुण दोस्त जिमी ओल्सन, त्याला नाव मिळालं तेही रेडिओवरच. बॅटमॅनचा नोकर आल्फ्रेड कॉमिकात चांगला गुबगुबीत होता. १९४३ च्या पंधरा भागांच्या सिनेमालिकेत विल्यम ऑस्टिन नावाच्या सडपातळ, मिशीवाल्या नटाने ते काम केलं आणि कॉमिकवाल्यांनी आपला आल्फ्रेड बारीक करून टाकला. आज जे 'मूळ' म्हणून कपाटात जपतात त्यातलं बरंचसं असं उसनं आलेलं आहे. सुपरमॅनच्या छातीवरचा एस हे क्रिप्टन या त्याच्या जन्मग्रहावरच्या घराण्याचं चिन्ह, ही कल्पनासुद्धा १९७८ च्या क्रिस्टोफर रीव्हच्या सिनेमाने रुजवली.

बॅटमॅनवर जरा थांबतो, कारण त्याच्याइतके चढउतार दुसऱ्या कुणी पाहिलेले नाहीत. १९६४ च्या सुमारास त्याचे अंक इतके मंदावले होते की ज्युलियस श्वार्ट्झ हा नवा संपादक आणावा लागला. १९६६ मध्ये अ‍ॅडम वेस्टची टीव्ही मालिका आली आणि अमेरिकेने तिला डोक्यावर घेतलं. 'बॅम', 'पाव' अशी अक्षरं पडद्यावर उसळायची, हिरो गंभीर चेहऱ्याने वेडगळ वाक्यं बोलायचा. अंक तुफान खपले. १९६८ मध्ये मालिका संपली आणि मागे राहिला एक विदूषक. पुढची कित्येक वर्षं अमेरिकेतल्या मोठ्या माणसांच्या लेखी बॅटमॅन म्हणजे चड्डीवर चड्डी घातलेला विनोद होता.

सावरलं कुणी? कागदाने. डेनिस ओनील आणि नील अ‍ॅडम्स यांनी १९७० च्या आसपास त्याला पुन्हा रात्रीत, पावसात, गल्लीबोळात नेला. १९८६ मध्ये फ्रँक मिलरने म्हातारा, कडवट बॅटमॅन काढला. टिम बर्टनचा १९८९ चा काळाकुट्ट बॅटमॅन त्याच वातावरणातून आला. तोवर विनोदी भूमिका करणाऱ्या मायकेल कीटनला घेतल्यावर वाचकांनी स्टुडिओकडे निषेधाच्या पत्रांचा पाऊस पाडला होता. पुन्हा साठचं दशक नको, ही त्यांची धास्ती. ती तेव्हा खोटी ठरली, पण १९९७ मध्ये जॉर्ज क्लूनीच्या सिनेमात खरी झाली आणि बॅटमॅन पडद्यावरून २००५ पर्यंत गायब झाला. छापील बॅटमॅनला मात्र त्याचा ओरखडाही उठला नाही. सिनेमा पडल्यावर दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या आणि सरकारने वाऱ्यावर सोडलेल्या गॉथमची, म्हणजे बॅटमॅनच्या शहराची, मोठी कथामालिका वर्षभर चालली. तिचे खंड माझ्याकडे आजही फिरतात. क्लूनीचा सिनेमा बघितलेला एकही मुलगा मला अलीकडे भेटलेला नाही.

त्याच सिनेमातला खलनायक मिस्टर फ्रीझ बघा. पत कशी वरखाली होते हे या एका माणसावर दाखवता येईल. १९५९ मध्ये तो कॉमिकात आला तेव्हा त्याचं नाव होतं मिस्टर झीरो. बर्फाची बंदूक घेऊन हिरे चोरणारा, विसरण्याजोगा. १९६६ च्या मालिकेने त्याला फ्रीझ हे नाव दिलं आणि कॉमिकने ते उचललं. पण पात्र पोकळच राहिलं. मग १९९२ च्या अ‍ॅनिमेटेड मालिकेत पॉल डिनीने त्याला एक बायको दिली, नोरा. ती असाध्य आजाराने गोठवलेल्या अवस्थेत ठेवलेली, हा तिच्यावर उपाय शोधणारा शास्त्रज्ञ, आणि कंपनीचा मालक पैसे वाचवायला यंत्रच बंद करायला लावतो. वीस-बावीस मिनिटांच्या एका भागात हिरेचोराचा शोकनायक झाला. १९९७ मध्ये श्वार्झनेगरने हीच बायको, हाच आजार घेतला आणि थंडीवरच्या कोट्या मारून मारून सगळं घालवलं. त्याच वर्षी डिनीने नोराची गोष्ट मुख्य कॉमिकात लिहून पक्की केली. पडद्याने नाव दिलं, पडद्याने जीव दिला, पडद्यानेच हसं केलं, आणि ठेवण्यासारखं तेवढं कागदाने ठेवून घेतलं. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे, बाकी उदाहरणं.

आता तुमच्या मुलाचा आयर्न मॅन. १९६३ मध्ये जन्मलेला, पण पुढची चाळीसेक वर्षं तो दुसऱ्या फळीतच होता. सिनेमात पुढे आला तो मार्व्हलच्या गरजेपोटी. १९९६ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. हातातल्या नामांकित चेहऱ्यांपैकी स्पायडरमॅनचे हक्क सोनीकडे गेले, एक्स-मेन आणि फँटास्टिक फोरचे फॉक्सकडे. स्वतःचा स्टुडिओ काढायला २००५ मध्ये मार्व्हलने उरलेल्यांपैकी काही पात्रांचे सिनेहक्क तारण ठेवून साडेबावन्न कोटी डॉलरचं कर्ज उभं केलं. त्या स्टुडिओचा पहिला सिनेमा म्हणजे २००८ चा 'आयर्न मॅन'. ज्याच्याबद्दल लोकांच्या मनात ठाम चित्र नव्हतं अशा पात्रात रॉबर्ट डाउनी ज्युनियर आपला सगळा मिश्कीलपणा ओतू शकला. सुपरमॅनच्या बाबतीत एवढी मोकळीक कुणाला मिळाली नसती.

मजा अशी की सिनेमा येण्याच्या जेमतेम वर्षभर आधी कॉमिकातला टोनी स्टार्क, म्हणजे चिलखताआतला आयर्न मॅन, वाचकांना नकोसा झाला होता. २००६-०७ च्या 'सिव्हिल वॉर'मध्ये तो सरकारच्या बाजूने उभा राहतो, सुपरहिरोंच्या सरकारी नोंदणीला नकार देणाऱ्या जुन्या सोबत्यांना दुसऱ्याच मितीतल्या तुरुंगात डांबतो. हा खंड माझ्याकडून सिडकोचा एक मुलगा घेऊन गेला होता. त्याच नावाचा सिनेमा बघून आलेला, त्यामुळे दोघांच्याही बाजूला काही ना काही तथ्य असणार अशी त्याची समजूत. दुसऱ्या दिवशी पुस्तक काउंटरवर आपटलं. "काका, हा तर व्हिलन आहे!" मग तिथेच उभं राहून त्याने मला तुरुंगाची पानं उघडून दाखवली, जणू ती मी काढली होती. नंतर त्याने मागचे खंड मागितले, टोनीच्या दारूच्या व्यसनाची १९७९ ची गोष्टसुद्धा वाचली, आणि आता तो सिनेमातल्या टोनीबद्दल बोलताना जरा हातचं राखून बोलतो. सगळीच मुलं अशी वाचत नाहीत. बरीचशी खंड परत करतात आणि 'याच्यात तो जोक्स का मारत नाही' म्हणून तक्रार करतात. त्यांच्या तक्रारीला मार्व्हलने मान दिलाच. २००८ नंतरचा छापील टोनी हळूहळू डाउनीसारखा बोलायला लागला.

'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' या मार्व्हलच्या टोळीचं तर पूर्ण रूपांतर झालं. आजचा संच कॉमिकात २००८ मध्ये बांधला गेला, तेव्हा त्यातला स्टार-लॉर्ड युद्धाने पिचलेला, अबोल शिपाईगडी होता. २०१४ च्या सिनेमात तो वॉकमन लावून नाचला, आणि त्यानंतरच्या अंकांतला स्टार-लॉर्ड गमत्याच झाला. जुन्या वाचकांना हे आवडलं नाही. मला विचाराल तर पात्राची लोकप्रियता वाढली, वजन घटलं. ब्लेडच्या बाबतीत तोटा काहीच नव्हता. १९७३ मध्ये ड्रॅक्युलाच्या कॉमिकात आलेला हा दुय्यम शिकारी १९९८ च्या सिनेमाआधी कॉमिक वाचणाऱ्यांनाही धड आठवत नव्हता. मार्व्हलचा हेरप्रमुख निक फ्युरी, त्याचा प्रवास सगळ्यात गमतीचा. २००२ च्या एका पर्यायी मालिकेत त्याचा चेहरा सॅम्युअल जॅक्सनवरून काढला, २००८ मध्ये खुद्द जॅक्सननेच ते काम केलं, आणि मग मुख्य कॉमिकात जुना गोरा फ्युरी अडचणीचा व्हायला लागला, म्हणून २०१२ मध्ये त्याचा जॅक्सनसारखा दिसणारा मुलगा शोधून आणला. मराठी मालिकांत असं काही झालं की आपण हसतो.

सुपरमॅन बोअर हा शिक्का मात्र मुलाने स्वतः मारलेला नाही, तो आयता आलाय. रीव्हने त्याला इतका सज्जन आणि इतका नेमका उभा केला की पुढच्या प्रत्येकाचं माप त्याच्यावरच घेतलं गेलं. सज्जन माणसाचं करायचं काय हे न कळल्यावर २०१३ मध्ये 'मॅन ऑफ स्टील'ने त्याला उदास केला आणि शेवटी त्याच्याकडून झॉड या खलनायकाची मान मोडवली. 'सुपरमॅन कधीच मारत नाही' म्हणून केवढा गदारोळ झाला. वास्तविक १९८८ मध्ये जॉन बर्नने छापील सुपरमॅनकडून झॉडसकट तिघांना क्रिप्टोनाइटने मारवलं होतं. फरक असा की कॉमिकात पुढचा अंक महिन्याभरात येतो. त्या हत्येचा पश्चात्ताप, मानसिक कोसळणं, पृथ्वी सोडून जाणं हे सगळं पुढच्या अंकांत सविस्तर आलं. सिनेमाला पुढचा भाग यायला वर्षं लागतात, तोवर लोकांच्या मनात मोडलेली मान तेवढी राहते. २०२५ च्या सिनेमात तो राक्षसाशी लढता लढता एक खार वाचवतो. मुलाला तो दाखवा. तोही बोअर वाटला तर मग ती त्याची आवड, आपण काय करणार.

अ‍ॅक्वामॅनबद्दल थोडक्यात. १९७३ च्या 'सुपर फ्रेंड्स' कार्टूनने त्याला समुद्रघोड्यावर बसवून माशांशी गप्पा मारणारा बिचारा करून ठेवलं. २०१८ मध्ये जेसन मोमोआ दाढी-केस वाढवून आला आणि सिनेमाने शंभर कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला, तेव्हा सगळे म्हणाले सिनेमाने त्याचा उद्धार केला. पण ती दाढी आणि तो रासवटपणा पीटर डेव्हिडने १९९४ मध्येच कॉमिकात आणलेला होता.

आता उलटी बाजू. फँटास्टिक फोर हे १९६१ चं कॉमिक. आज ज्याला आपण मार्व्हल म्हणतो ते तिथून सुरू झालं. स्टॅन ली आणि जॅक कर्बीच्या त्या अंकांत भांडणारं, खर्चाला टेकलेलं, एकमेकांवर जीव टाकणारं एक कुटुंब होतं. २००५ आणि २००७ चे सिनेमे बेताचे, २०१५ चा तर साफ आपटला. आणि नेमकं त्याच वर्षी कॉमिकही थांबलं, ते थेट ऑगस्ट २०१८ मध्ये परत आलं. सिनेहक्क फॉक्सकडे असल्यामुळे मार्व्हलने हात आखडता घेतला अशी वाचकांत तेव्हा उघड कुजबुज होती. कारण काही असो, सिनेमाने लावलेला बट्टा धुवायला तीन वर्षं कागदावर कुणी नव्हतं. त्याच काळात शाळेत असलेल्या पोरांच्या डोक्यात 'पडेल लोक' हे पक्कं झालं. २०२५ मध्ये नवा सिनेमा आला, चांगला आला, तरी तुमचा मुलगा अजून तेच म्हणतोय ना? शिक्का मारायला वेळ लागत नाही, पुसायला लागतो.

आणि वेताळ. इथे मी थोडा हळवा होतो, चालवून घ्या. ली फॉकने १९३६ मध्ये सुरू केलेली ही चित्रपट्टी आपल्याकडे मार्च १९६४ पासून इंद्रजालमध्ये आली. १९९० पर्यंत आठशेच्या वर अंक निघाले, त्यातले निम्म्याहून जास्त वेताळाचे. इंद्रजालने त्याला आपल्याकडचा करून घेतला होता. मूळचा 'बेंगाला' देश बंगालशी घोटाळा नको म्हणून डेंकाली झाला. मूळ कथेतली चाच्यांची टोळी 'सिंग' नावाची. ते नाव भारतात छापणं शक्यच नव्हतं, तिथे 'सिंगा' आलं. कवटीची गुहा, तिची वंशावळ, तुफान घोडा, अंगठीचा ठसा हे सगळं आमच्या पिढीला भूगोलाच्या पुस्तकासारखं पाठ होतं.

१९९६ मध्ये बिली झेनचा सिनेमा आला. तसा तो काही वाईट नाही. सरळ, जुन्या धाटणीचा, वेताळाची टिंगल न करणारा. अमेरिकेत चालला नाही. आपल्याकडे ज्या मुलांनी तो बघितला त्यांना तिथे भेटला बेंगाला आणि वेताळाचा तो अंगाला चिकटलेला जांभळा पोशाख, आणि सिनेमा आवडून कुणी पुढचं मागायला आलं तर हातात द्यायला इंद्रजाल नव्हतं. डायमंड कॉमिक्सने वेताळ काही काळ चालवला, पण इंद्रजालची पोच त्याला आली नाही. म्हणून तुमच्या मुलासाठी तो 'जांभळ्या कपड्यांतला' आणि तुमच्यासाठी चालता-बोलता भुतासारखा माणूस. आता ऑस्ट्रेलिया बघा. तिथे फ्रू ही प्रकाशनसंस्था १९४८ पासून वेताळाचे अंक अखंड काढते आहे. तोच सिनेमा तिथेही लागला, किंबहुना त्याचं काही चित्रीकरणही तिथलंच. तिथे वेताळाचं काही बिघडलं नाही. सिनेमा एकच, पात्र एकच. फरक नियमित येणाऱ्या अंकांचा.

नाशिकमध्ये राहून हे कळायला खरं तर अवघड जाऊ नये. सिनेमाने चेहरा बदलण्याची सुरुवातच आपल्या त्र्यंबकच्या माणसाने केली. दादासाहेब फाळक्यांनी राजा रविवर्म्याच्या छापखान्यात काम केलं होतं. छापील देवांनी भारतातल्या घराघरांत काय केलं हे त्यांनी जवळून पाहिलेलं. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये त्यांनी अण्णा साळुंखे या एकाच नटाला राम आणि सीता दोन्ही कामं दिली, आणि प्रेक्षकांनी दोन्ही मानली. पुढे १९८७ मध्ये दूरदर्शनचं रामायण आलं, तेव्हा पंचवटीतल्या फोटोफ्रेमवाल्यांकडेही अरुण गोविल लागला. पण काळाराम मंदिरातली मूर्ती काळ्या पाषाणाची होती, तशीच राहिली. तिच्यासमोर रोज आरती होते, पहाटे काकडा होतो. तिथे टीव्हीच्या रामाला शिरायला जागा नाही. छापील अंक दर महिन्याला निघणं म्हणजे माझ्या दृष्टीने ही रोजची पूजा. ती चालू असेल तर बाहेर कुणी कसलेही फोटो विकोत.

आपल्याकडच्या सुपरहिरोंची अडचण हीच. नागराज १९८६ चा, सुपर कमांडो ध्रुव त्याच्या पाठोपाठ. राज कॉमिक्सचे हे हिंदी अंक नाशिक रोड स्टेशनवरून गठ्ठ्याने यायचे आणि मराठी शाळेतली पोरंही ते बिनदिक्कत वाचायची. राज कॉमिक्सच्याच डोगा या हिरोवर सिनेमा येणार येणार म्हणून खूप गाजावाजा झाला, आला नाही. त्यामुळे या मंडळींना पडद्याचा बट्टा लागला नाही, पण नवं गिऱ्हाईकही लागलं नाही. आज नागराज मागायला येतो तो पस्तिशी-चाळिशीचा माणूस, आणि तोही मुलासाठी म्हणून स्वतःसाठी नेतो. शक्तिमान १९९७ मध्ये थेट टीव्हीवर जन्मला, क्रिश २००६ मध्ये थेट सिनेमात. क्रिशचा पुढचा सिनेमा यायला २०१३ उजाडलं. मधल्या सात वर्षांत त्याला जिवंत ठेवणारं दमदार कॉमिक नव्हतं, त्यामुळे दर वेळी त्याला स्वतःची ओळख नव्याने करून द्यावी लागली. मराठीतला २०१५ चा 'बाजी' असाच एकटा आला आणि एकटाच गेला. वाईट वाटलं, प्रयत्न मनापासून केलेला होता.

सुपरहिरो नसला तरी फास्टर फेणेचा विषय इथे काढतोच. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा शाळकरी पोरगा २०१७ च्या सिनेमात मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायला पुण्यात आलेला तरुण झाला. तेव्हा अनेक जुने वाचक नाराज होते. माझ्या काउंटरवर दोन आजोबांचं यावरून खडाजंगी भांडण झालंय. पण पुस्तकं बाजारात होती. सिनेमा बघून आलेल्या पोराच्या हातात मी ताबडतोब सायकलवरचा, 'ट्टॉक' करणारा मूळ बनेश ठेवू शकलो. काहींना लहान मुलांचा वाटला, काहींनी सगळा संच संपवला. सिनेमातला फेणे झालेल्या अमेय वाघने त्या पुस्तकांचं काही घेतलं नाही, उलट काही दिवस त्यांना उठाव आणून दिला.

याच्या शेजारी पवित्र प्रभाकरला ठेवा. मुंबईचा, धोतर नेसलेला स्पायडरमॅन २००४ मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी काढला. चार अंकांची छोटी मालिका झाली आणि विषय संपला. कपाटात ते अंक असूनही कुणी ढुंकून बघत नसे. २०२३ च्या 'अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मध्ये तो दाट केसांचा, बडबड्या पोरगा म्हणून काही मिनिटं दिसला, हिंदी आणि पंजाबीत त्याला शुभमन गिलचा आवाज मिळाला, आणि त्याच वर्षी मार्व्हलने त्याचं नवं कॉमिक काढलं. एकोणीस वर्षं पडून राहिलेलं पात्र काही मिनिटांत उभं राहिलं. सिनेमाची ताकद मी नाकारतोय असा गैरसमज नको.

आता खोके. सिनेमाच्या लाटेवर भाव चढतात ते अमेरिकन अंकांचे, त्यातही पात्राच्या पहिल्या प्रवेशाच्या अंकांचे. सिनेमाची घोषणा झाली की चढतात, सिनेमा पडला की उतरतात. घोषणा ते प्रदर्शन एवढ्यातच त्यातला शहाणा माणूस विकून मोकळा होतो. 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली, पण तो खेळ वेगळा, त्याला कुठल्या सिनेमाची गरज नाही. इंद्रजालचा या लाटेशी संबंधच नाही. इंद्रजाल विकत घेतो तो तुमच्याच वयाचा माणूस, आणि तो आयर्न मॅन बघून येत नाही. म्हणजे आत्ता विकलं काय किंवा दोन वर्षांनी विकलं काय, सिनेमामुळे काही फरक पडणार नाही. फरक पडेल तो पावसाळ्याने. माळ्यावर ओल येते, पिना गंजतात, गंज कागद खातो आणि मधलं पान सुटतं. कव्हर गेलेल्या अंकाला निम्माही भाव येत नाही. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. आधार देऊन उभे ठेवा, आडवे गठ्ठे रचले तर वजनाने कणा वाकतो. शक्य असेल तर एकेक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि मागे जाड पुठ्ठा.

विकण्याआधी मुलासमोर एक खोका उघडून ठेवा, वाच म्हणू नका. सुरुवातीला कवटीच्या गुहेतल्या वंशावळीचे, चारशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजांचे अंक वर ठेवा. आजच्या मुलांना 'ओरिजिन स्टोरी'ची सवय आहे, ते तिथून आत शिरतात. त्याने हातही लावला नाही आणि विकायचंच ठरलं, तर रद्दीवाल्याला वजनावर देऊ नका. अंकाचा क्रमांक, भाषा, कव्हर आहे की नाही, मधलं पान शाबूत आहे का, एवढी यादी करून आणा. मराठी अंक वेगळे काढा, त्यांना मागणी जास्त आणि माल कमी आहे. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं.